प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : अँग्लिकन बाप्तिस्मा

या वेळचं सदर पूर्णपणे बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याच्या संस्काराला, दिलं आहे. पत्रं तशीच आली. एक खुलासा आधी करतो. महाराष्ट्रातल्या जुन्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्यामुळे इथल्या बाप्तिस्म्यात चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकाचा वारसा आहे, पण नियम इथल्या धर्मप्रांताचे आहेत. उत्तरात इंग्लंडचा नियम आला तर तो इंग्लंडचा म्हणूनच सांगितला आहे.

प्रश्न : मुलगा-सून इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. नातवाचा बाप्तिस्मा तिथल्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, ठरतो आहे. सुनेला तिच्या जिवलग मैत्रिणीला गॉडमदर करायचं आहे. मैत्रीण हिंदू आहे. आम्ही आजी-आजोबा उभे राहिलो तर चालेल का? आणि खर्च किती येतो? (एक आजी, नाशिक)

आजी, खर्चाचं आधी सांगतो : बाप्तिस्म्याला फी नसते. नंतर नोंदवहीचा दाखला मागितला तर त्याचे थोडे पैसे पडू शकतात, एवढंच.

चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाप्रमाणे धर्ममाता-धर्मपिता (गॉडमदर-गॉडफादर, म्हणजे बाळातर्फे वचनं देणारे) किमान तीन लागतात. मुलगा असेल तर त्यांत निदान दोन पुरुष आणि एक स्त्री, मुलगी असेल तर याच्या उलट. तिघं जमत नसतील तर एक पुरुष आणि एक स्त्री चालतात. आईवडील स्वतःही उभे राहू शकतात, पण मग त्यांच्याशिवाय आणखी एक जण हवाच. जुनी माणसं सांगतात की आईबापांना हे कधीच चालत नसे, तेही खरं आहे. १६०४च्या नियमांत तशी मनाई होती, ती पुढे उठली. आजी-आजोबांना कसलीच आडकाठी नाही. तुम्ही दोघं जरूर उभे राहा.

मैत्रिणीचं मात्र जमणार नाही. धर्ममाता होणाऱ्या व्यक्तीचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला असलाच पाहिजे, त्यात सूट नाही. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं असावं असंही नियम म्हणतो, पण तेवढी अट पाळक योग्य वाटल्यास शिथिल करू शकतात. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि आमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर अडतात. सूनबाईंना सांगा, मैत्रिणीला विचारण्याआधी व्हिकरशी, म्हणजे तिथल्या पाळकांशी, बोला. मैत्रिणीला कुटुंबासोबत उभं राहता येईल, एखादं वाचनही व्हिकर देऊ शकतील. तिच्या प्रेमाला कुणी नाही म्हणत नाही. पण धर्ममातेला सर्वांसमोर 'मी ख्रिस्ताकडे वळते' असं म्हणावं लागतं, आणि जे ती मानत नाही ते तिच्या तोंडून वदवून घेणं तिच्यावरच अन्याय होईल.

आणखी दोन गोष्टी. मुलगा-सून ज्या पॅरिशमध्ये राहतात ती सोडून दुसरीकडे बाप्तिस्मा हवा असेल आणि त्या दुसऱ्या चर्चच्या सभासदयादीत त्यांची नावं नसतील, तर तिथल्या पाळकांनी आधी यांच्या पॅरिशच्या पाळकांची सदिच्छा घ्यायची असते. यात वेळ जातो. विमानाची तिकिटं तारीख पक्की झाल्यावरच काढा. दुसरं, 'क्रिसनिंग' आणि 'बाप्तिस्मा' हे दोन वेगळे विधी नाहीत, एकाच विधीची दोन नावं आहेत. बाळाबद्दल आभार मानायची जी वेगळी उपासना असते ती बाप्तिस्मा नव्हे. आईवडिलांचं मन अजून ठरलेलं नसेल तर आधी ती करून घेता येते, म्हणजे न पटणारी वचनं देण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : वेदीची आणि बाप्तिस्मा-कुंडाची तयारी माझ्याकडे आली आहे. पाणी किती, कसं, कधी भरायचं? मागच्या वेळी बाळ इतकं रडलं की शब्दच ऐकू आले नाहीत. (एक भगिनी, अहिल्यानगर)

१६६२च्या पुस्तकात सूचना आहे की कुंड त्या वेळी शुद्ध पाण्याने भरावं. 'त्या वेळी' हे महत्त्वाचं. आदल्या रविवारचं पाणी ठेवायचं नाही.

दगडी कुंड गार असतं आणि त्यात ओतलेलं कोमट पाणी पाच मिनिटांत गारठतं. बाळ दचकतं ते बहुतेक वेळा याच गारव्याने. म्हणून पाणी आधी भरून ठेवू नका. थोडं जास्त कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर उबदार लागेल इतपत पाणी दोन-तीन लिटरच्या जगात तयार ठेवा आणि पाण्यावरची प्रार्थना सुरू होण्याच्या जरा आधी, मंडळीला दिसेल असं उंचावरून कुंडात ओता. ओतण्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला पाहिजे. पाणी ही या संस्काराची दिसणारी खूण आहे, ती वाटीभर लपवून ठेवण्यात काय अर्थ?

बाळाच्या डोक्यावर किती पडावं? चर्च ऑफ इंग्लंडच्या आजच्या उपासनाक्रमातली टीप सांगते की भरपूर पाणी वापरणं इष्ट, आणि कमीत कमी एवढं तरी हवं की ते त्वचेवरून वाहील. ओलं बोट कपाळाला टेकवणं पुरेसं नाही. टोपरं काढायला विसरल्यामुळे पाणी कापडातच जिरलं, असं घडतं. तेव्हा टोपरं काढलं की नाही हे पाहणं तुमचं काम. पाणी शिंपल्याने किंवा ओंजळीने तीनदा घालतात, पित्याच्या नावाला एकदा, पुत्राच्या नावाला एकदा, पवित्र आत्म्याच्या नावाला एकदा. एकदाच घातलं तरी बाप्तिस्मा ग्राह्य असतो, पण तीनदा घालण्याची रीत फार जुनी आहे आणि ती धरावी.

बाळ पाळकांच्या डाव्या हातावर, डोकं कोपराच्या खळग्यात, चेहरा वर, टाळू कुंडाच्या कडेच्या आत. पाणी टाळूवरून मागे ओघळू द्यावं, कपाळावरून पुढे आलं तर डोळ्यांत-नाकात जातं आणि मग खरा आकांत होतो. सॅटिनचे लांब झगे हातातून सटकतात. आईला आधी सांगून ठेवा की झग्याच्या आत सुती अंगडं घाला. बाळाला अर्धा तास आधी पाजलेलं असावं. टॉवेल दोन हवेत, एक डोक्याला आणि एक पाळकांच्या बाहीला.

तरीही बाळ रडेलच. त्याला इलाज असा की पाळकांनी नाव आणि सूत्र एका दमात न म्हणता प्रत्येक नावाला थांबून म्हणावं. मायक्रोफोन धरायला तिसरा माणूस ठेवा. बाळ, शिंपला आणि माइक हे दोन हातांत मावत नाहीत.

उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. जुन्या कुंडांच्या तळाला भोक असतं, ते थेट जमिनीत उतरतं. तुमच्याकडे तसं नसेल तर आवारातल्या झाडाच्या मुळाशी ओता. आणि कुंडाला झाकण असेल तर ते नुसतं धूळ बसू नये म्हणून नाही : १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी इंग्लंडमधली कुंडं कुलपात ठेवायला लावली, कारण लोक ते पाणी जादूटोण्यासाठी चोरून नेत. चर्च ऑफ इंग्लंडचा आजही नियम आहे की कुंडाचा वापर बाप्तिस्म्याशिवाय दुसऱ्या कशालाही करायचा नाही. नाताळात त्यात फुलं रचायची हौस असते, ती आवरा.

प्रश्न : यार्देन नदीचं (येशूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीचं) पाणी आणलं आहे. तेच वापरायला हवं का? (एक वाचक, मुंबई)

नाही. ब्रिटिश राजघराण्यात यार्देनेचं पाणी वापरण्याची प्रथा आहे, म्हणून ते आवश्यक असल्याचा समज पसरला. नळाचं पाणी तितकंच चालतं. बाटली दोन-तीन वर्षं कपाटात असेल तर ते तान्ह्याच्या डोळ्यांजवळ नेऊ नका. ताजं असेल तर चार थेंब कुंडात घाला.

प्रश्न : तान्ह्या बाळाला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही. मग त्याला बाप्तिस्मा देऊन नेमकं काय होतं? 'बाळाचा पुनर्जन्म झाला' असं म्हणतात ते खरं मानायचं का? (एक तरुण पिता, पुणे)

आधी शब्द नीट करू. 'पुनर्जन्म' म्हटलं की मराठी कानाला मेल्यानंतरचा दुसरा जन्म ऐकू येतो. इथे तो अर्थच नाही. 'नवजन्म' म्हणा. १६६२च्या विधीत पाणी घातल्यावर पाळक मंडळीला सांगतात की हे बालक आता नवजन्म पावलं आहे आणि ख्रिस्ताच्या शरीरात, म्हणजे मंडळीत, कलम केलं गेलं आहे. अँग्लिकन शिकवण मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांतल्या सत्ताविसाव्या कलमातही हीच झाडाच्या कलमाची उपमा आहे : बाप्तिस्मा ही नुसती ख्रिस्ती माणसाला इतरांपासून वेगळं ओळखण्याची खूण नाही, तर तो जणू एक दस्तऐवज आहे, ज्याच्या योगे तो योग्य रीतीने घेणारा मंडळीत कलम केला जातो आणि क्षमेच्या व दत्तकपणाच्या वचनांवर शिक्का बसतो. बालकांचा बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या स्थापनेशी सुसंगत असल्याने तो चालू ठेवावा, असंही तेच कलम सांगतं.

आंब्याचं कलम ज्याने बांधलं आहे त्याला हे लगेच कळेल. काडी स्वतः काही ठरवत नाही. ती बांधली जाते, आणि खालच्या झाडाचा रस तिला मिळू लागतो. पण सांधा धरला का, पालवी फुटली का, हे पुढे पाहायचं असतं. कलम बांधून बागेकडे फिरकायचंच नाही, असं कुणी करत नाही.

पाणी पडताक्षणी नवजन्म आपोआप होतोच का, यावर अँग्लिकन मंडळीत मोठा झगडा झाला. एक्सेटरचे बिशप फिलपॉट्स यांनी जॉर्ज गोरम या पाळकांना ब्रॅम्फर्ड स्पीकच्या चर्चवर नेमायला नकार दिला, कारण गोरम असा आपोआप नवजन्म मानत नव्हते. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वरिष्ठ सरकारी न्यायमंडळापर्यंत, गेलं आणि १८५० साली निकाल गोरम यांच्या बाजूने लागला : त्यांचं मत चर्चच्या शिकवणीच्या विरुद्ध नाही. हा निकाल पटला नाही म्हणून, आणि धर्माचा प्रश्न सरकारी न्यायमंडळाने सोडवला म्हणूनही, काही जण अँग्लिकन चर्च सोडून गेले. हेन्री मॅनिंग त्यांतले, ते पुढे रोमन कॅथलिक कार्डिनल झाले. तेव्हापासून अँग्लिकन छत्राखाली दोन्ही मतं नांदतात. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट एकच, पण ती पक्की : बाप्तिस्म्यात पहिलं पाऊल देवाचं असतं. म्हणूनच जुन्या विधीत मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला, येशू बालकांना जवळ घेतो तो उतारा वाचतात.

मग विश्वासाचं काय? तो मोठ्यांनी बोलून दाखवायचा आणि मुलाने पुढे दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने घ्यायचा. आमच्या मते आपल्याकडची खरी त्रुटी इथे आहे. बाप्तिस्म्याला दोनशे पानं वाढली जातात आणि दृढीकरणाच्या वर्गाला तीन मुलं येतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करून मोठेपणी घेतलेला बाप्तिस्मा, या दोन्ही पर्यायी रीती मान्य आहेत. तुमच्या मनाला दुसरी पटत असेल तर बाळाचं समर्पण करा (म्हणजे पाण्याविना, नुसत्या प्रार्थनेने त्याला देवाच्या हाती सोपवा), बाप्तिस्मा त्याच्यासाठी राखून ठेवा. अर्धवट मनाने मात्र काहीच करू नका.

प्रश्न : लहानपणी माझा बाप्तिस्मा झाला. आता एका सहभागितेतले (प्रार्थनागटातले) बंधू म्हणतात की पाण्यात बुडवून घेतल्याशिवाय तो खरा नाही. पुन्हा घ्यावा का? (एक वाचक, सोलापूर)

नाही. पाणी होतं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिला होता, तर तो झाला. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात 'एकच बाप्तिस्मा' म्हटलं आहे, आणि अँग्लिकन शिस्त त्याला घट्ट धरून आहे. बुडवण्याला आमचा विरोध मुळीच नाही. उलट १६६२च्या पुस्तकात बाळ धडधाकट असेल तर त्याला जपून, सावधपणे पाण्यात बुडवावं हीच पहिली सूचना आहे. ओतणं हे अशक्त बाळासाठी होतं, पुढे तेच सर्रास झालं. म्हणजे रीत दोन्ही, बाप्तिस्मा एक.

बाप्तिस्मा झाला की नाही याचीच खात्री नसेल, म्हणजे नोंद नाही आणि साक्षीदार नाही, किंवा त्रिएकाचं, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं, नाव घेतलं की नाही याबद्दल शंका आहे, तर त्यासाठी सशर्त बाप्तिस्मा आहे. पाळक म्हणतात, 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर, मी तुला बाप्तिस्मा देतो...' आणि पुढचं सूत्र तेच. तुमच्या पत्रात तशी शंका दिसत नाही. तुम्हाला जी ओढ आहे ती नव्याने उभं राहण्याची आहे. पुनरुत्थान-सणाला (ईस्टरला) बाप्तिस्म्याच्या वचनांचं नवीकरण करतात, पाळकांना तेव्हा मंडळीवर कुंडातलं पाणी शिंपडायला सांगा. ती ओढ खरी आहे, तिला जागा द्या.

प्रश्न : मी अतिदक्षता कक्षात परिचारिका आहे. बाळ हातचं जातं आहे आणि पाळक पोचत नाहीत, अशा वेळी मी बाप्तिस्मा देऊ शकते का? (एक परिचारिका, मिरज)

देऊ शकता. पण आधी ही अट : विनंती आईवडिलांची हवी. दुसऱ्याच्या बाळाला त्यांच्या नकळत बाप्तिस्मा देणं कधीही नाही.

विनंती असेल तर असं करा. डॉक्टरांना सांगा. आईवडिलांना नाव विचारा. नाव ठरलेलं नसेल तर अडू नका, बाळ कोणाचं हे नोंदता येत असेल तर नावाशिवायही बाप्तिस्मा होतो. निर्जंतुक पाणी सुईविना सिरिंजमध्ये घ्या, मिलीलिटर-दोन मिलीलिटर पुरे, हातात धरून कोमट करा. नळ्या, चिकटपट्ट्या आणि डोळे टाळून, डोक्याचा जो भाग उघडा दिसतो तिथे पाणी वाहील असं घाला, आणि घालतानाच म्हणा : '(नाव), मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. आमेन.' शब्द आणि पाणी एकाच माणसाकडून, एकाच वेळी. एकीने पाणी घालायचं आणि दुसरीने शब्द म्हणायचे, असं करू नका. मग जमेल तर सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एवढाच विधी आहे. तेल, मेणबत्ती काही लागत नाही.

नंतर तारीख, वेळ, बाळाचं नाव किंवा आईचं नाव, तुमचं नाव कागदावर लिहून पाळकांना कळवा. बाळ वाचलं तर त्याला चर्चमध्ये आणायचं, मंडळीने त्याचं स्वागत करायचं, राहिलेल्या प्रार्थना आणि वचनं घ्यायची. पाणी मात्र पुन्हा नाही.

आणि पोचायला उशीर झाला तर? ही गोष्ट आम्हाला मोठ्या अक्षरात छापावीशी वाटते. १६६२च्या पुस्तकात एक कठोर सूचना होती की बाप्तिस्म्याविना गेलेल्यांवर दफनविधी म्हणू नये. त्या एका ओळीने किती आयांना पिढ्यान्‌पिढ्या जाळलं असेल. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासनापुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की आईवडिलांना खात्री द्यावी : बाळाचं अंतिम तारण किंवा त्याचा ख्रिस्ती दफनविधी हे त्याचा बाप्तिस्मा झाला होता की नाही यावर अवलंबून नाही. बाळ आधीच गेलेलं असेल तर बाप्तिस्मा देत नाहीत, तो जिवंतांसाठी आहे. त्याला नाव द्या, हातात घ्या, देवाच्या स्वाधीन करणारी प्रार्थना करा. त्या आईला हे तुमच्याच तोंडून ऐकू द्या, ताई, कारण त्या घटकेला तिथे तुम्ही आहात.

प्रश्न : क्रूसाची खूण, तेल, पांढरा झगा, मेणबत्ती यांतलं आवश्यक काय? (एक शिक्षक, पुणे)

यांतलं एकही नाही. पाणी आणि त्रिएकाचं नाव एवढंच आवश्यक. क्रूसाच्या खुणेवरून प्युरिटनांनी (बायबलात नसलेल्या रीती चर्चमधून काढा म्हणणाऱ्या गटाने) मोठा आक्षेप घेतला होता, तेव्हा १६०४च्या नियमांनी उत्तर दिलं की खुणेआधीच बाप्तिस्मा पूर्ण झालेला असतो, खूण त्यात भर घालत नाही. १६६२च्या विधीत ती पाण्यानंतर येते. आजच्या इंग्लंडच्या क्रमात सहसा पाण्याआधी, ख्रिस्ताकडे वळण्याच्या प्रश्नांनंतर. दोन पुस्तकं पाहणारे इथे गोंधळतात. पांढरं वस्त्र १५४९च्या पहिल्या पुस्तकात होतं, १५५२मध्ये गेलं, आता ऐच्छिक म्हणून परत आलं आहे. तेलही ऐच्छिक. मेणबत्ती शेवटी देतात, आणि ती द्यावी असं आम्हाला वाटतं, कारण मूल दरवर्षी बाप्तिस्म्याच्या दिवशी ती लावू शकतं. झुळझुळीत झग्यापासून तेवढी दूर धरा.

प्रश्न : पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा अँग्लिकन होता का? (एक विद्यार्थिनी, केडगाव)

होय. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज. त्याच दिवशी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. म्हणजे या सदरात वर ज्यावर वाद चालला आहे त्या दोन्ही रीती तिथे एकाच दिवशी, मायलेकींत घडल्या : आई स्वतः उत्तरं देऊन, आणि लेक इतरांच्या वचनावर. मोठ्यांच्या बाप्तिस्म्याचा वेगळा विधी १६६२मध्येच पहिल्यांदा पुस्तकात आला, आणि प्रस्तावनेत त्याचं एक कारण वसाहतींतल्या 'नेटिव्हां'ना उपयोगी पडेल असं दिलं आहे. पण रमाबाई त्या चौकटीत मावणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून देव एकच या, शिकवणीवर त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडाडून वाद घालत राहिल्या. त्यामुळे बाप्तिस्मा रद्द झाला असं कुणी म्हटलं नाही, म्हणताही येत नाही.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मुलीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे. (एक पालक, ठाणे)

दाखला नव्हे, नोंदवही दुरुस्त करून घ्या. दाखला ही त्या नोंदीची नक्कल असते. महापालिकेचा जन्मदाखला घेऊन चर्चच्या कार्यालयात जा. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून पाळक सही करतात. पुढच्या बाळाच्या वेळी, पाणी घालण्याआधीच, पूर्ण नाव ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून पाळकांच्या हातात द्या.